रिपोर्टवाल्या बाई

"हे दोन्ही फोटो एकाच हृदयाचे आहेत," ताई म्हणाली.

समोरच्या सोफ्यावर बसलेल्या अध्यक्षांनी चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच थांबला. जातिवंत मांजरं पाळणाऱ्यांच्या क्लबचे ते अध्यक्ष. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात करंडकांची रांग होती. काचेच्याच भिंतीपलीकडे, फळ्याफळ्यांवर, कानांच्या टोकांना केसांचे झुपके असलेली धिप्पाड मेन कून मांजरं बसली होती. ते करंडक जिंकून आणण्याचे कष्ट आपणच घेतले, असा भाव त्यांच्या तोंडावर होता.

"काय म्हणालात?"

"हा बापाचा रिपोर्ट, हा आईचा. दोन्हींच्या खालच्या कोपऱ्यात ठोक्यांचा आकडा एकशे सत्त्याऐंशी. असू शकतो, योगायोग. पण डाव्या बाजूचा हा पांढरा ओरखडा बघा. हा मांजराचा नाही, मशीनचा आहे. तो दोन्हीकडे एकाच जागी कसा? मोजमापाच्या या दोन बारीक फुल्यासुद्धा केसाइतक्या हललेल्या नाहीत. वरचं नाव आणि तारीख तेवढी वेगळी."

अध्यक्ष हसले. "बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग?"

"मी हे फोटो काढते. माणसांचे. एकोणतीस वर्षं झाली."

"काढता ना? मग काढा. वाचायचं काम डॉक्टरांचं."

हे वाक्य ताईला नवीन नव्हतं. हृदयरोगाच्या इस्पितळातल्या एकोच्या अंधाऱ्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य याच वाक्यावर गेलं होतं. पेशंट कुशीवर झोपतो, ती त्याच्या छातीला गार जेल लावते, पडद्यावर हृदय उघडझाप करू लागतं. पेशंट पडद्याकडे बघतच नाही, तो ताईच्या तोंडाकडे बघतो. "ताई, ठीक आहे ना?" आणि ताई म्हणते, "डॉक्टर सांगतील." नियमच होता तसा. भिंत जाड झालेली दिसो, झडप गळताना दिसो, चेहऱ्यावरची रेघ हलवायची नाही. तिला ते इतकं साधलं होतं की इस्पितळात म्हणायचे, ताईंच्या तोंडाकडे बघून बाहेर ऊन आहे की अंधार पडलाय तेही कळायचं नाही.

आज मात्र ती बोलून गेली होती. आणि बोलल्यावर आभाळ काही कोसळलं नव्हतं.

"लोक माझ्याकडे रांग लावतात," अध्यक्ष म्हणाले. "आजवर कुणी रिपोर्ट मागितला नाही. तुम्ही मागितलात म्हणून मुद्दाम काढून ठेवला."

"काढून, की छापून?"

अध्यक्ष उठले. दोन्ही कागद त्यांनी ताईच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतले. "या शहरात तुम्हाला कोण पिल्लू देतं तेच बघतो मी."

"बघा," पर्स खांद्याला अडकवत ताई म्हणाली. "बघताना दोन वेगवेगळे फोटो घेऊन बसा म्हणजे झालं."

बसथांब्यावर तिनं बोटांवर हिशेब केला. तीन महिन्यांतला हा चौथा ब्रीडर. पहिल्याच्या पिंजऱ्यांत एकावर एक गाभण माद्या कोंबलेल्या होत्या आणि तो म्हणाला होता, "बाई, आत नका येऊ, वास येतो." दुसरा कॉलेजातला मुलगा, त्याच्या पिल्लाचे आईबाप कायम 'मित्राकडे' असायचे. तिसऱ्या बाईंनी पाच आठवड्यांचं, अजून आईच्या दुधावरचं पिल्लू ताईच्या ओंजळीत ठेवून "आजच न्या, उद्या उरणार नाही" असा घोशा लावला होता. त्या पिल्लाला परत त्याच्या आईजवळ ठेवताना ताईला फार जड गेलं होतं. पण ठेवलं.

कुणी विचारलं असतं, एवढा अट्टहास कशासाठी, तर तिचं उत्तर तयार होतं. आधीचा बोका असाच आणला होता. बाजारामागच्या मैदानात एकजण गाडीची डिकी उघडून पिल्लं विकत होता. आईबाप कोण, कसे, काही विचारलं नाही. करड्या रंगाचा, रुबाबदार. घरात आल्या दिवसापासून त्याला सगळे साहेब म्हणायला लागले. चार वर्षं तो ताईच्या मांडीवर झोपला. आणि एका दुपारी, ती कामावर असताना, गेला. गुरांच्या नव्हे, खास कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, ती तिनं उभ्यानंच वाचली. मांजराच्या हृदयाची भिंत चार-साडेचार मिलिमीटरची असते. सहापर्यंत गेली की आजार. साहेबाची साडेआठ. रक्ताची गुठळी होऊन मागच्या पायांकडे जाणारा रस्ता बंद झाला होता.

रोज वीस-बावीस माणसांची हृदयं उघडी करून बघणारी बाई. तिच्याच मांडीवर एक हृदय चार वर्षं जाड होत राहिलं आणि तिला पत्ता नाही.

नंतर तिनं वाचून काढलं. जितकं मिळालं तितकं, मूळ शोधनिबंधांसकट. ही खोड बऱ्याचदा रक्तातून येते. आईबापांपैकी एकात असली तरी पिल्लात उतरायची शक्यता निम्मी. नाण्याच्या दोन बाजूंसारखी. जन्मतः काही दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी कळतं, म्हणून पैदाशीच्या मांजरांचा दरवर्षी एको करायचा असतो. एवढंच. माहीत नसणं हा गुन्हा नव्हे, असं ताईचं मत झालं. पण माहीत करून घ्यायची सोय असताना न घेणं हा आहे.

घरी तिचं हे मत फारसं खपत नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्याबरोबर ती राहायची. मागची खोली तिची.

"ताई, तू मांजर आणतेयस की सून?" भाऊ म्हणायचा. "इतकी चौकशी माझ्या लग्नात केली नव्हतीस."

"केली असती तर बरं झालं असतं," भावजय स्वयंपाकघरातून म्हणायची.

"आणि रस्त्यावर इतकी मांजरं आहेत, त्यातलं एखादं उचलावं की."

"उचलीनही," ताई म्हणायची. "रस्त्यावरचं मांजर कुणी बनवून विकलेलं नसतं. ही जात माणसानं बनवली. बनवली, तर तिच्या हृदयाचा जाबही माणसानंच द्यायचा. मला जाब देणारा एक तरी माणूस बघायचाय."

यावर भाऊ टीव्ही लावायचा. मांजराचा विषय निघाला की भावजय उठून भांडी तरी आवरायची, नाहीतर कपडे तरी. ताईनं त्याचा अर्थ एकच लावला होता: घरात केस नकोत.

अध्यक्षांच्या भेटीनंतर आठवड्याभरात फोन आला.

"तुम्हीच का त्या रिपोर्टवाल्या बाई?"

"कोण बोलतंय?"

"मी गणवेश शिवते. शाळांचे. आणि मांजरं पाळते. अध्यक्षांनी क्लबात सगळ्यांना कळवलंय, अशीअशी एक बाई फिरतेय, तिला पिल्लू देऊ नका. मी म्हटलं, ज्या बाईची या माणसाला एवढी धास्ती, तिला बघितलीच पाहिजे. येताय का रविवारी?"

गणवेशवाल्या बाईंचं दुकान पुढे, घर मागे. दुकानात कापडाचे ताके छतापर्यंत रचलेले, बाईंच्या गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडूचा तुकडा. मागच्या खोलीच्या खिडक्यांना जाळी होती, फरशी नुकतीच पुसलेली, आणि वास कसला असेल तर तो इस्त्रीचा. कपाटावर एक भलीमोठी मांजरी बसून ताईला आपादमस्तक न्याहाळत होती.

"ही आई. हिला आम्ही मुख्याध्यापिका म्हणतो," बाई म्हणाल्या. "बोका माझा नाही, परगावचा आहे. त्याच्या मालकाचा नंबर देते, माझ्यादेखत नको, घरी जाऊन फोन करा. हे रिपोर्ट. हा डॉक्टरांचा नंबर. त्यांनाही विचारा, खरा आहे का म्हणून. मला राग येणार नाही."

ताईनं चष्मा लावला. मुख्याध्यापिकेचा रिपोर्ट गेल्या वर्षीचा, वीण होण्याआधीचा. भिंत चार पूर्णांक सहा. फोटो जरा गचाळ होता, हात नवखा असावा, पण खरा होता. तिनं दोनदा बघितला.

"झालं तुमचं?" बाईंनी दुकानातल्या मापाच्या वहीसारखी एक वही उघडली. "आता माझी पाळी. बसा खाली. खुर्चीवर नको, फरशीवर. पिल्लं येतील अंगावर."

चार पिल्लं आली. प्रत्येकाच्या गळ्यात उरलेल्या गणवेशाच्या कापडाची पट्टी: एक खाकी, एक निळी, एक मरून आणि एक हिरव्या चौकडीची. चौकडीवाल्यानं ताईच्या पर्सचा पट्टा चावायला घेतला.

"मागचं मांजर कशानं गेलं?"

ताईनं सांगितलं.

"दिवसा घरी कोण असतं?"

"भावजय."

"तुमचं वय?"

"सत्तावन्न."

"मांजर पंधरा वर्षं जगतं. तुमच्यामागे कोण बघणार?"

ताईला झोंबलं. तीन महिने ती लोकांना प्रश्न विचारत फिरली होती. तिला कुणी विचारला नव्हता. "अजून आहे मी," ती म्हणाली.

"असालच. पण मला लेखी लागतं. नाहीतर ते माझ्याकडे परत येणार, कुठल्याही वयाचं असो. ते मी लिहून घेते. आणि शेवटचं. घरात कुणाला नकोय का?"

चौकडीवालं पिल्लू आता पट्टा सोडून तिच्या मांडीच्या खळग्यात गोल होऊन बसलं होतं. अगदी साहेब बसायचा तिथेच.

"नाही," ताई म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

बाईंनी लिहून घेतलं. "ठीक. पिल्लू माणसाला निवडतं वगैरे लोक म्हणतात. माझ्याकडे तसलं काही नाही. मी निवडते. तेरा आठवडे झाल्याशिवाय सोडत नाही, आणि त्याआधी तुमच्या घरी येऊन जाईन."

त्या खरंच आल्या. पुढच्याच रविवारी, न कळवता, गळ्यातली मोजपट्टी तशीच. दार भावजयीनं उघडलं. ती मटार सोलत होती. हातात शेंग तशीच होती.

"या, बसा. पण आधीच सांगते, मला घरात मांजर नकोय. वन्संनी तुम्हाला सांगितलंच असेल."

गणवेशवाल्या बाईंनी ताईकडे बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "ते सांगायचं राहिलं असेल."

त्यांनी खोली बघितली, खिडकी बघितली, पाणी प्यायल्या. बोलल्या त्या खाली फाटकापाशी, ताई सोडायला आली तेव्हा.

"अध्यक्षांनी एका मांजराचा फोटो दुसऱ्याच्या नावावर खपवला. तुम्ही तुमच्या घराचा खपवलात."

"तिला फक्त केसांचा त्रास..."

"मला माहीत नाही कशाचा. तुम्हाला तरी आहे का?" बाईंनी मोजपट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. "तुमच्या भावजयीची मला काळजी नाही. ती खरं बोलली. काळजी तुमची आहे."

ताई जिना चढून वर आली. तीन मजले. दर मजल्याला तिचा राग एकेका माणसावरून उतरत गेला आणि दारापाशी पोचली तेव्हा तो तिच्या स्वतःच्या गळ्यात पडला. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भावजयीसमोर स्टूल ओढून बसली. तिनं एक शेंग उचलली, सोलली.

"तुला मांजर का नकोय गं?"

"आत्ता विचारताय?"

"आत्ता विचारतेय."

भावजयीचे हात थांबले नाहीत. "साहेब गेला तेव्हा तुम्ही कामावर होतात. हे ऑफिसात. मी होते इथं. या इथं, फ्रिजपाशी. मागचे दोन्ही पाय लाकडासारखे झालेले, पुढच्या पायांनी ओढत ओढत माझ्याकडे आला. आणि ओरडत होता, वन्सं. मांजर असं ओरडू शकतं हेच मला माहीत नव्हतं. टॉवेलात गुंडाळून तीन मजले उतरले. गाडी मिळेना. चालत नेला. सगळा रस्ता तो ओरडत होता आणि लोक माझ्याकडे असे बघत होते, जशी मीच त्याला काही करतेय." तिनं दाण्यांची वाटी बाजूला सारली. "तुम्ही आलात तोवर डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. तुम्हाला शांत झालेला साहेब मिळाला. मला ओरडणारा मिळाला. मला परत नाही ऐकायचं ते."

नळाचं पाणी टपटपत होतं. ताईनं उठून तो घट्ट बंद केला.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? आलात, चिठ्ठी वाचलीत, चेहरा दगडासारखा केलात आणि खोलीत गेलात. मी काय तुमच्या दाराशी उभी राहून सांगायचं?"

इस्पितळातली सवय ताईनं घरी कधी आणली, तिला आठवेना. ती बहुधा रोज थोडी थोडी आली असावी, कपड्यांना लागून येणाऱ्या जेलसारखी.

"मी पिल्लू आणणार आहे," ती शेवटी म्हणाली.

भावजयीनं मान वर केली.

"आणणार आहे. पण त्याच्या आईचा यंदाचा रिपोर्ट आधी तुझ्यासमोर ठेवीन. जसा येईल तसा. लपवणार काही नाही. मग तुला काय बोलायचंय ते बोल."

"आणि मी नाहीच म्हटलं तर?"

"तर आपण भांडू. पण उघड भांडू."

"हे बरंय," भावजय म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात थोडी गंमत होती. "ऐकायला माणूस असलं तर भांडायला जोर येतो."

दुसऱ्या दिवशी ताईनं फोन केला. "तुमच्या वहीत माझं एक उत्तर खोडा. घरात एका माणसाला नकोय. कारण आहे, आणि रास्त आहे."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. "खोडलं," गणवेशवाल्या बाई म्हणाल्या. "शनिवारी मुख्याध्यापिकेचा एको आहे. तिला धरायला एक माणूस लागतो. याल?"

प्राण्यांच्या हृदयाचा डॉक्टर कोवळा होता, दाढी मुद्दाम वाढवलेली. त्याचं मशीन बघून ताईला जुनी ओळखीची बाई भेटावी तसं झालं. हेच मॉडेल त्यांच्या इस्पितळानं केव्हाच काढून टाकलं होतं. मुख्याध्यापिकेला कुशीवर निजवलं. ताईनं एका हातानं तिचे पुढचे पाय धरले, दुसरा मानेवर ठेवला. केसांखाली हृदय टाइपरायटरसारखं चाललं होतं.

पडदा उजळला. हृदय दिसलं. माणसाच्या हृदयाचं खेळणं करावं इतकंसं, पण सगळं जिथल्या तिथे. डॉक्टर कोन शोधत होता. तो सापडायच्या आधीच ताईला दिसलं. भिंत. मधली. पोकळीच्या बाजूला फुगून आलेली, ओल मुरलेल्या भिंतीचा गिलावा फुगावा तशी.

तिनं काहीच केलं नाही. मान हलवली नाही, श्वाससुद्धा नेहमीसारखाच घेतला.

"ताई," पलंगाच्या पलीकडून गणवेशवाल्या बाई म्हणाल्या. "तुमचा चेहरा असा कोरा का झाला?"

एकोणतीस वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती समजत होती, कोऱ्या चेहऱ्यातून काही कळत नाही. या बाईंनी आयुष्यभर आरशासमोर "बसतोय, बसतोय" म्हणणारी पोरं बघितली होती. काखेत काचत असलं की त्यांना न सांगता कळायचं. मग एवढ्या वर्षांत अंधारात निजलेल्या किती जणांना असंच कळलं असेल, आणि त्यांनी गुपचूप शर्टाची बटणं लावली असतील?

"ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं.

"बाई, मला मोजू तर द्या," डॉक्टर म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली. "ठीक नाही. भिंत जाड आहे. सहाच्या वर असेल."

डॉक्टरानं तिच्याकडे वळून बघितलं, मग पडद्यावर दोन फुल्या टाकल्या. सहा पूर्णांक दोन. जागा बदलून पुन्हा टाकल्या. सहा पूर्णांक दोन.

गणवेशवाल्या बाई रडल्या नाहीत. त्यांनी मुख्याध्यापिकेच्या छातीवरचं जेल आपल्या पदरानं पुसलं आणि तिला पेटीत ठेवलं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि एकेक फोन लावायला सुरुवात केली. "नमस्कार. आईच्या हृदयात दोष निघालाय. गेल्या वर्षी नव्हता, यंदा आहे. पिल्लात असायची शक्यता निम्मी. तुम्हाला दिलेला शब्द परत घ्यायची मोकळीक आहे." निळी पट्टी गेली. मरून पट्टीवाल्या गृहस्थांचा आवाज बाकापर्यंत ऐकू येत होता; ते फसवणूक, फसवणूक म्हणत होते. बाईंनी त्यांना तीनदा "खरंय तुमचं" म्हटलं. खाकीवाल्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. चौथा फोन त्यांनी लावला नाही.

"आता हिची वीण बंद," त्या म्हणाल्या. "बोक्याच्या मालकाला कळवते, त्याच्या रक्ताचंही बघावं लागेल. क्लबात मीच सांगते. अध्यक्षांना सण होईल. पिल्लं राहतील माझ्याकडेच."

"तीन राहतील. चौकडी माझी आहे."

"तुम्हाला तर मुळीच देणार नाही."

"का?"

"एकदा बघितलंय तुम्ही. तुमच्या भावजयीनं त्याहून जास्त बघितलंय. मी काय दगड आहे?"

"ज्यांना माहीत नाही त्यांना तुम्ही देणार नाही," ताईचा आवाज चढला. दवाखान्यात बसलेली कुत्री कान टवकारून बघायला लागली. "ज्यांना माहीत आहे त्यांनाही देणार नाही. मग द्यायचं कुणाला? मी तीन महिने काय निरोगी मांजर शोधत होते? मलाही तसंच वाटत होतं. पण खात्रीचं मांजर कुणीच देऊ शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही. मी खरं सांगणारा माणूस शोधत होते. तो सापडला आणि आता तो म्हणतो, परत जा?"

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "आधी घरी रिपोर्ट दाखवा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ताईनं तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. भिंत कुठे, पोकळी कुठे, बोट ठेवून दाखवलं. निम्मी शक्यता म्हणजे काय ते सांगितलं. भाऊ चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "ताई, गाव धुंडाळून शेवटी हेच? ज्याच्यासाठी अध्यक्षांशी भांडलीस तेच?"

"हेच. याचं मला सगळं माहीत आहे. निम्म्या वेळा नाणं सुलट पडतं, भाऊ, हेही विसरू नकोस."

भावजय फोटोकडे बघत होती. "आधी कळतं का?" तिनं विचारलं. "म्हणजे... तसं व्हायच्या आधी?"

"बऱ्याचदा कळतं. नेहमी नाही. वर्षाचं झालं की दरवर्षी एको करायचा. आणि रोज, ते गाढ झोपलेलं असताना, मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजायचं. तीसच्या आत असेल तर ठीक. वर जायला लागलं की डॉक्टर. आधी औषधं असतात."

"साहेबाचं कळलं असतं?"

'डॉक्टर सांगतील' हे दोन शब्द ताईच्या जिभेवर आले. ती ते गिळून गेली.

"बहुतेक हो," ती म्हणाली. "मी मोजलं असतं तर."

भावजयीनं कागदाची घडी घातली नाही. तो तिनं तसाच उघडा नेऊन फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावला, बरोबर त्याच दारावर.

"मी हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "पण दुपारी घरी मीच असते. ते घड्याळ सेकंदाच्या काट्याचं आहे ना, तुमच्या खोलीतलं? ते इथं आणून लावा."

पंधरवड्यानंतरची एक दुपार. एकोच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ कुशीवर निजले होते, पडद्यावर त्यांचं हृदय संथ चाललं होतं. टेबलावरचा फोन थरथरला. ताई कामाच्या वेळी कधी फोन बघत नसे. चौकडी घरी आल्यापासून दुपारी एकदा बघायची.

भावजयीचा निरोप होता. नमस्कार नाही, विचारपूस नाही. नुसता आकडा.

गृहस्थ तिच्या तोंडाकडे बघत होते. "काही वाईट बातमी?"

"नाही," ताई म्हणाली. "बावीस."

"म्हणजे?"

"म्हणजे आज ठीक आहे." तिनं फोन पालथा ठेवला आणि पडद्याकडे वळली. "आता श्वास सोडा आजोबा, आणि तसेच थांबा."